कुठलंही एक अक्षर

४ मार्च

चिमे,

पत्र हातात पडल्याबरोबर उघडू नकोस. बिट्टी शाळेत गेली की दाराला कडी लावून, बसून वाच. घाबरवायला लिहीत नाहीये, पण घाबरण्यासारखं आहे आणि तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

तुला माहीत आहे, मी आरोग्य खात्याच्या कॉम्प्युटर विभागात आहे. आमचं एक सार्वजनिक पान आहे, मुलांच्या लसींचं. आईबापांनी घरी बसून मुलाची जन्मतारीख आणि लसीच्या कार्डाचा क्रमांक टाकायचा, की पुढची लस कधी आणि कुठल्या दवाखान्यात ते दिसतं. गेल्या आठवड्यात पान फार हळू चालायला लागलं, म्हणून लोक काय काय शोधताहेत त्याची नोंद मी काढली. एकच जन्मतारीख पुन्हा पुन्हा दिसली. बिट्टीची.

आधी वाटलं, तूच असशील. पण तुझ्याकडे तर कार्ड आहे, तू क्रमांक टाकशील. हा माणूस क्रमांकाच्या जागी एक अक्षर टाकतो आणि पुढे नुसती टक्क्याची चिन्हं. क, मग सात टक्के. ख, मग सात टक्के. ग.

आता याचा अर्थ सांगते. हे पान 'असं दिसणारं काही आहे का' अशा पद्धतीनं शोधतं. जुन्या कार्डांना शेवटी जादा अक्षर असायचं, ते जुळावं म्हणून फार पूर्वी कुणा कंत्राटदारानं तसं केलं. त्या पद्धतीत टक्का म्हणजे 'इथे काहीही चालेल', आणि खालची आडवी रेघ म्हणजे 'इथे कुठलंही एक अक्षर'. पत्त्यातल्या जोकरसारखं. क आणि सात टक्के टाकले की त्या तारखेला जन्मलेल्या, क-पासून कार्ड सुरू होणाऱ्या मुलांच्या नोंदी समोर येतात. आठ खुणा भरल्या की पानाला वाटतं क्रमांक पुरा आहे. नोंदीत मुलाचं पहिलं अक्षर, आधीच्या लसींच्या तारखा आणि दवाखाना. बिट्टीच्या जुन्या लसींची फाईल कुणाकडे राहिली आहे, ते तुला सांगायला नको; त्यातल्या तारखा ताडून पाहिल्या की तिची नोंद ओळखता येते.

काल संध्याकाळपर्यंत तो 'ट'पर्यंत आला होता.

बिट्टीची नोंद मी उघडलेली नाही. तुम्ही कुठे आहात ते मला कळायला नको, म्हणून पत्रंही आपल्यामार्फतच जावीत, असं वकीलबाई म्हणाल्या होत्या, आणि ते बरोबर आहे. मी दार बंद करतेच आहे. तू फक्त सावध राहा.

ताई


९ मार्च

ताई,

नमस्कार वगैरे गृहीत धर. तू सांगितलंस तसं बसून पत्र वाचलं. मग उठून खिडकी लावली. इथली खिडकी भिंतीवर उघडते, समोर दुसरी भिंत, मधून मांजरसुद्धा जात नाही. तरी लावली.

तोच आहे. बिट्टीचा बाप, दुसरं कोण असणार? एक अक्षर, मग पुढचं, मग पुढचं. न चिडता, न थकता. लोकांना मास्तर म्हणजे गणिताचा देवमाणूस वाटतो, आवाज म्हणून चढत नाही. माझ्यावर तरी कधी चढला? मी कुणाशी बोलले ते कळेपर्यंत तो एकेक नाव घ्यायचा, शांतपणे, जेवताना. शेजारीण? वाण्याची बायको? आणि बरोबर नाव आलं की माझ्या चेहऱ्यावरून ओळखायचा. मग दाराला बाहेरून कुलूप.

आमच्या कार्डाचं पहिलं अक्षर तुला सांगत नाही. एवढंच सांगते की 'ट'च्या पुढे आहे.

शिवणकारखान्यात माझं काज-बटणाचं काम आहे. आज शर्टांच्या एका गठ्ठ्याला बटणं उलट्या बाजूला लावली. बाई ओरडल्या, मग माझ्याकडे बघून गप्प झाल्या आणि पाणी आणून दिलं. बिट्टी मात्र मजेत आहे. तिचा पुढचा दात हलतोय, दिवसभर जिभेनं ढकलत बसते.

फोन करू का गं तुला? एकदाच? नको, माहीत आहे. आधीची खोली त्याला फोनमुळेच सापडली होती. पण तू लवकर लिही. पत्र यायला फार दिवस लागतात, आणि त्याला रोज एक अक्षर पुरतं.

चिमी


१३ मार्च

चिमे,

दार बंद झालं! आधी हे वाच, मग बाकीचं.

साहेबांकडे गेले तर त्यांनी विचारलं, "कुणाची तक्रार आली आहे का?" म्हटलं, ज्यांची नोंद उघडी पडते त्यांना ते कळणार कसं? म्हणाले, "बदल पुढच्या फेरीत घेऊ." मी खुर्चीतून उठलेच नाही. शेवटी वैतागून म्हणाले, "कर बाई, पण पान बंद पडता कामा नये. हजारो आया बघतात ते."

उपाय साधा असतो. जोकरच्या चिन्हाआधी एक तिरकी रेघ घालायची. यंत्राला ती खूण असते की पुढचं चिन्ह नुसतं चिन्ह समज, त्याचा अर्थ लावू नकोस. आता कुणी टक्का टाकला की पान खरोखरच टक्का असलेलं कार्ड शोधतं, आणि तसं कार्ड जगात नाही. आडव्या रेघेचंही तसंच केलं. स्वतः दहा तऱ्हांनी करून पाहिलं. काहीही येत नाही. तो 'ध'वर होता. त्यानंतरच्या त्याच्या सगळ्या खेपा रिकाम्या गेल्या.

आई बरी आहे. तिचे गुडघे आणि तिची बडबड, दोन्ही चालू आहेत. तुझं काही विचारत नाही, पण बिट्टीचा फ्रॉक कपाटातून काढून परत घडी घालते. काळजी करू नकोस. खरंच काळजी करू नकोस. त्या बाईंना माझ्याकडून धन्यवाद सांग, पाण्याबद्दल.

ताई


१९ मार्च

ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा उभ्यानं, कारखान्याच्या जिन्यात. मग रडले, मग हसले. बिट्टीनं विचारलं, "आई, तुझाही दात पडला का?"

पण एक विचारते. 'काळजी करू नकोस' हे तू दोनदा लिहिलंस. तू असं कधी लिहीत नाहीस. तू लिहितेस, रडू नकोस, काम कर. काही आहे का जे तू सांगत नाहीस? की मलाच आता प्रत्येक गोष्टीमागे काहीतरी दिसायला लागलं आहे? रस्त्यात कुणी माझ्याच वेगानं चाललं तरी मी दुकानात शिरते. परवा अशीच शिरले, तर ते दाढी करायचं दुकान निघालं. सगळे वस्तरे थांबून माझ्याकडे बघायला लागले. तिथे काय सांगावं, म्हणून विचारलं, इथे छत्री दुरुस्त होते का?

शाळेतून चिठ्ठी आली आहे. पाच वर्षांची लस झाल्याशिवाय वरच्या वर्गात घेणार नाहीत. दवाखान्यानं २८ तारीख दिली आहे. मी टाळणार होते. पण तू म्हणतेस दार बंद झालं, तर जाते. तुझ्या शब्दावर जाते हं.

चिमी


२४ मार्च

चिमे,

जाऊ नकोस. २८ला दवाखान्यात जाऊ नकोस. घर सोडून वकीलबाईंनी सांगितलेल्या दुसऱ्या जागी जा. आधी हे कर, मग पुढचं वाच.

तू ओळखलंस, मी लपवलं होतं. १२ तारखेला मास्तर घरी आला होता. आईसाठी फळं घेऊन. आईचं तुला माहीतच आहे, तिला अजून तो जावईबापू वाटतो, तुमचं नुसतं भांडण झालंय असं वाटतं. तिच्या गुडघ्यांची चौकशी केली. मग माझ्याकडे वळून अगदी गोड आवाजात म्हणाला, "ताई, तुमचं ते लसीचं पान हल्ली काही दाखवत नाही हो. बिघडलंय का?"

मी कप खाली ठेवला. मी म्हटलं, "मला काय माहीत?"

"मी मुलांना हेच सांगतो," तो म्हणाला. "अज्ञात अक्षराला घाबरायचं नाही. धीर धरला की सापडतं."

मी तुला लिहिलं नाही, कारण मला वाटलं तो हरलाय आणि ते मान्य करायला आलाय. तू उगाच घाबरशील. चुकलं माझं.

आज सकाळी पुन्हा नोंद काढली. टक्का नाही, आडवी रेघ नाही. चौकटी कंस आहेत. आमच्या यंत्रात कंसात अक्षरं घातली तर 'यांपैकी कुठलंही एक' असा अर्थ होतो. तोसुद्धा जोकरच, आणि मी त्याला हात लावला नव्हता. मला माहीतच नव्हतं, चिमे. मी ज्या यंत्रांवर शिकले त्यांत कंस म्हणजे नुसता कंस असतो. त्यानं टाकलंय: कंस, य र ल व श ष, कंस पुरा. मोजून आठ खुणा, म्हणून पानाला वाटलं क्रमांक पुरा आहे. आणि शेवटचा जोकर आमचं पान स्वतःच लावतं, त्या जुन्या कार्डांसाठी. त्यानंतर त्यानं कंसातली अक्षरं कमी करत नेली, आठ खुणा भरायला तीच अक्षरं पुन्हा पुन्हा टाकून. शेवटच्या खेपेनंतर 'पूर्ण नोंद पहा' दाबलेलं आहे. काल दुपारी.

मी पान बंद केलं. कुणाला विचारलं नाही. साहेब बाहेर ओरडत राहिले.

मग बिट्टीची नोंद उघडली. पहिल्यांदाच. तुमचा दवाखाना कुठला ते आता मला माहीत आहे आणि त्यालाही. तिथे फोन लावला. एका माणसानं उचलला, मागे पोरं रडत होती. मी सांगितलं, या क्रमांकाच्या मुलीला धोका आहे, सिस्टरांना सांगा. तो म्हणाला, "क्रमांकाचं काय? परत सांगा." त्याच्या डोक्यात काय शिरलं, देव जाणे. पोलिसांकडे गेले. त्यांनी विचारलं, "त्यानं नक्की केलं काय?" मी म्हटलं, चिन्हं टाईप केली. त्यांनी तक्रारीची वही मिटली. वकीलबाई खटल्यासाठी बाहेरगावी आहेत. त्यांच्या कारकुनांसमोर बसूनच हे लिहितेय; ते म्हणाले, पाकीट पुढे पाठवतो. मी त्यांचे हात धरले गं, आजच पाठवा म्हणून.

हे तुला वेळेत मिळू दे.

ताई


२९ मार्च

ताई,

तुझं २४ तारखेचं पत्र आज दुपारी मिळालं. काल मी दवाखान्यात गेले होते.

आम्ही दोघी ठीक आहोत, हे आधी लिहायला हवं होतं.

दवाखान्यात गर्दी होती. लांबट खोली, दोन्ही भिंतींना बाकं, मधे वजनकाटा. त्या दिवशी पाच वर्षांच्या मुलांनाच बोलावलं होतं, म्हणजे पोरांपेक्षा रडणंच जास्त. बिट्टी माझ्या मांडीवर होती. एकदम तिचं अंग घट्ट झालं. ती अगदी हळू म्हणाली, "आई, बाबा आलेत."

समोरच्या बाकावर, शेवटाला. पांढरा शर्ट, मांडीवर एक खेळण्याची पेटी. किती वेळ बसला होता कोण जाणे. मी बघितलं तसा उठला आणि हसला. ते हसणं तुला माहीत नाही, ताई. ते फक्त घरात असायचं.

मी बिट्टीला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. तो शांतपणे चालत आला, बिट्टीसमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "किती उंच झालीस गं. चल, घरी जाऊ."

तेवढ्यात सिस्टर आतून बाहेर आल्या. वयस्क, कडक बाई. हातात चिठ्ठी. तुझा निरोप त्यांच्यापर्यंत कसा पोचला होता सांगू? 'अमुक कार्डाच्या क्रमांकात चूक आहे, तपासून घ्या.' एवढाच. पण त्यामुळे त्या कार्ड बघायला नेमक्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांचा हात पकडला. आवाज फुटला तो असा की मलाच परका वाटला. "या माणसाला आमच्याजवळ यायची बंदी आहे. कोर्टाची."

मास्तर उठला, हात जोडले. "सिस्टर, घरातली भांडणं हो. हिची तब्येत बरी नसते. मी बाप आहे, लसीला आलोय. बघा, माझ्याकडे तिची सगळी नोंद आहे." आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांच्या हातात दिला.

मला दिसत होतं, लोकांना त्याचंच पटतंय. एक आजोबा मला म्हणालेसुद्धा, "पोरी, चारचौघांत कशाला?" सिस्टरही कागद बघून जरा ढिल्या पडल्या. कोर्टाचा हुकूम माझ्याकडे घरी होता, डब्यात. मी मनात म्हटलं, संपलं. आता तो बिट्टीचा हात धरेल आणि कुणी अडवणार नाही.

माझ्या शेजारी एक चष्मेवाली बाई बसली होती, मुलीला घेऊन. ती मान वाकडी करून सिस्टरांच्या हातातल्या कागदात बघत होती. एकदम म्हणाली, "अहो, हा क्रमांक आमचा आहे."

सिस्टर म्हणाल्या, "कुठला?"

"हा. माझ्या मुलीचा. हा बघा, माझ्या हातात कार्ड आहे. आमची मुलगी यांच्या कागदावर कशी?" कागदावर बऱ्याच ओळी होत्या, ताई. सगळी त्याच तारखेची मुलं. एका ओळीला गोल, बाकी सगळ्यांवर लाल काट. त्याची ती वह्या तपासायची लाल शाई. बाई उठून उभी राहिली आणि सरळ त्याला विचारलं, "माझ्या मुलीवर लाल काट का मारलीय?"

तो जरासुद्धा गडबडला नाही. जसं वर्गात उत्तर द्यावं तसं म्हणाला, "ती माझी नव्हती म्हणून."

मग बायका उठायला लागल्या. एकेक जण येऊन विचारायला लागली, आमचा क्रमांक आहे का, बघू. आणखी एक सापडला. त्या आजोबांचा नातू. चष्मेवालीनं आपली मुलगी माझ्या मांडीवर बिट्टीशेजारी ठेवली, आणि स्वतः जाऊन दाराला पाठ लावून उभी राहिली. सिस्टरांनी आम्हाला आत घेतलं आणि आतून खिटी लावली. बाहेर तो बोलत होता, समजावत होता. आवाज चढला नाही. दार वाजवलं, तेही हळूच, एका बोटानं. एक, मग थांबून एक, मग थांबून एक. पोलीस येईपर्यंत वाजवत होता.

बिट्टीला लस तिथेच दिली. ती रडली नाही. मला ते बरं वाटलं नाही.

चिमी


२ एप्रिल

चिमे,

काय लिहू? तुझं पत्र वाचून मी ऑफिसच्या पायरीवर बसले ती उठलेच नाही. नाहीतरी आत जायचं नव्हतं. परवानगीशिवाय पान बंद केलं म्हणून मला घरी बसवलं आहे, चौकशी होईपर्यंत. होऊ दे. त्या कागदाची बातमी वर गेल्यावर साहेबांचा सूर बदलला आहे. आता तेच सगळ्यांना सांगताहेत की पान त्यांनी वेळीच बंद केलं.

पान परत सुरू होईल ते 'असं दिसणारं काही' शोधणार नाही. जे लिहिलं तेच आणि तेवढंच. पहिल्या दिवशीच हे करायला हवं होतं. मी जोकरांच्या मागे लागले, एकाला धरलं, दुसरा राहिला. खेळच बंद करायचा हे डोक्यात आलं नाही.

आईला सगळं वाचून दाखवलं. मग म्हणाली, "मी त्याला बिट्टीचे फोटो दाखवले गं. तो इतका शांत बसून बघायचा." आता आपलं दार ती मला विचारल्याशिवाय उघडत नाही.

जागा बदलल्याचं वकीलबाईंनी सांगितलं. कुठे ते मी विचारलं नाही.

ताई


१७ जून

ताई,

काल निकाल लागला. तुझी साक्ष आधी झाली, म्हणून तुला शेवट माहीत नसेल. त्या चौकशीतून सुटून तू कामावर परत गेलीस, हे वकीलबाईंकडून कळलं. तुझ्यापासून चार हातांवर बसून तुझ्याशी बोलायचं नाही, हे फार कठीण गेलं. तू वाळली आहेस.

त्याचे वकील म्हणाले, त्यांनी कुलूप फोडलं नाही, भिंत चढली नाही, सरकारी पानावर जे लिहिता येत होतं ते लिहिलं. ऐकायला बरोबर वाटत होतं. मग चष्मेवाली बाई उभी राहिली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, वर्तमानपत्रात वाचून स्वतः आली होती, दिवसाची मजुरी बुडवून. म्हणाली, "माझी मुलगी माझ्याशिवाय दाराबाहेर जात नाही आता. कुणी हिला कागदावर बघून काट मारली, हे मला झोपेतसुद्धा दिसतं." एवढंच बोलली आणि खाली बसली. मला तिचं नावही ठाऊक नाही.

बंदीचा हुकूम मोडला म्हणून त्याला काही महिन्यांची कैद झाली, आणि बंदी वाढवली. लोक म्हणाले, जिंकलात. मी पण हो म्हटलं. पण काही महिने म्हणजे काही महिनेच, ताई. तो आत बसून काय करत असेल, ते मला माहीत आहे. धीर धरत असेल.

नवी खोली बरी आहे, खिडकी रस्त्यावर उघडते. ती उघडायला मला आठवडा लागला. इथे आल्यापासून बिट्टीला बजावलं होतं, कुणी विचारलं तरी नाव सांगायचं नाही. दुकानदार विचारायचे, तर ती माझ्याकडे बघायची आणि ओठ मिटून घ्यायची. त्यांना वाटायचं, पोर मुकं आहे की काय.

आज खालच्या दुकानात भाजी घेत होते. तिच्याएवढीच एक मुलगी पायरीवर दोरीच्या उड्या मारत होती. तिनं दोरीचं एक टोक बिट्टीपुढे धरलं आणि विचारलं, "तुझं नाव काय?"

बिट्टीनं माझ्याकडे बघितलं. मी बाहेर रस्त्यावर नजर टाकली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुणी नव्हतं. मग मी वळून भाजीवाल्याकडे बघत राहिले, जणू मला ऐकूच आलं नव्हतं.

तिनं नाव सांगितलं. पूर्ण, मोठ्यानं, आडनावासकट.

मी अडवलं नाही. दोन्ही हात भाजीच्या पिशवीत खुपसून ठेवले.

चिमी